किती माणसं जमली की मंडळी होते?

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय लटकलेलं असतं. दुधाचा हिशोब, गॅसची टाकी कधी लावली, कुणाचा वाढदिवस, सगळं त्याच्यावरच. २०२० च्या कालनिर्णयात २२ मार्चपासून पुढे प्रत्येक रविवारच्या चौकोनात एक बारीक फुली आहे, पेन्सिलीची. २०२१ च्या कालनिर्णयातही आहेत. त्या माझ्या आजीने मारल्या आहेत. चर्चला न गेलेला रविवार, एक फुली. शेवटची फुली ३ ऑक्टोबर २०२१ ची. सगळ्या मोजल्या तर ८१ भरतात.

आता गंमत बघा. त्याच काळात आमचं चर्च प्रत्यक्षात बंद होतं ते ६२ रविवार. मग आजीच्या हिशोबात १९ रविवार जास्त कुठून आले? मला आधी वाटलं, आजीचं मोजणं चुकलं. चुकलं नव्हतं. हे १९ रविवार कुठले, हे सांगण्यासाठी आज मी तुम्हाला जरा लांबून, म्हणजे सतराव्या शतकातून फिरवून आणणार आहे.

माझा पीएचडीचा विषय आहे साथींच्या काळातली पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांची उपासना. हे सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "म्हणजे झूमवरचं चर्च ना?" हो, तेही त्यात आहे. पण 'चर्च ऑनलाइन गेलं' हे वाक्य फार लवकर संपतं. मला पडलेला प्रश्न जुना आहे आणि साधा आहे: किती माणसं एकत्र आली म्हणजे मंडळी झाली? आणि हा आकडा ठरवायचा कुणी?

ज्यांना हा शब्द या अर्थाने परका आहे त्यांच्यासाठी थोडंसं. मराठी ख्रिस्ती बोलण्यात 'मंडळी' म्हणजे जमलेले लोक. दगडविटांची इमारत ती चर्च, आणि आत बसतात ती मंडळी. "आज मंडळी कमी होती" असं आम्ही सहज म्हणतो. मंडळी एकत्र येऊन तीन-चार गोष्टी करते. वचन ऐकते, गाते, प्रार्थना करते, आणि ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन घेते, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस. कॅथलिक लोक मिस्साला जातात आणि ख्रिस्तप्रसाद घेतात. पंथांमध्ये फरक पुष्कळ आहेत, पण एकत्र येऊन खाणं हे सगळीकडे मध्यभागी आहे. साथ नेमकी तिथेच बोट ठेवते.

प्रार्थनापुस्तकातला एक बारीक नियम

पुण्यातली काही जुनी चर्च अँग्लिकन परंपरेतली. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ चं, गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ चं. या परंपरेची उपासना चालायची ती १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाच्या शिस्तीत. त्या पुस्तकात प्रार्थनांच्या अधेमधे बारीक अक्षरात सूचना आहेत: कुणी उभं राहायचं, कुणी काय म्हणायचं, वगैरे. मी त्या वाचत होते ते खरं सांगायचं तर कंटाळत.

एक सूचना अशी: धर्मगुरूसोबत निदान तीन जण घेणारे असल्याशिवाय चर्चमध्ये प्रभुभोजन होणार नाही. का? कारण ते जेवण आहे, आणि एकट्याने केलेलं जेवण म्हणजे पंगत नव्हे. एकट्या धर्मगुरूने लोकांच्या वतीने विधी उरकून टाकायचा ही पद्धत या सुधारकांना मोडायची होती.

पुढे आजारी माणसाच्या घरी द्यायच्या प्रभुभोजनाचं प्रकरण येतं. तिथे आकडा खाली येतो. आजाऱ्याबरोबर तीन, अगदीच नाही तर दोन जणांनी तरी घ्यावं.

आणि त्या प्रकरणाच्या शेवटी आणखी एक सूचना आहे. ती वाचली आणि मी खुर्चीत सरळ बसले. प्लेग, घामाची साथ किंवा तसाच संसर्गाचा काळ असेल, लागण होईल या भीतीने शेजारपाजारचं कुणीच त्या घरात यायला तयार नसेल, आणि आजाऱ्याची खास विनंती असेल, तर धर्मगुरूने एकट्यानेच त्याच्याबरोबर प्रभुभोजन घ्यावं.

तीन, मग दोन, मग कुणीच नाही. एक आजारी आणि एक धर्मगुरू. तेवढ्याने मंडळी झाली.

यातली 'घामाची साथ' म्हणजे सोळाव्या शतकातला एक भयंकर ताप. तिचा इंग्लंडमधला शेवटचा मोठा फेरा १५५१ चा. म्हणजे १६६२ मध्ये हे पुस्तक छापलं तेव्हा त्या रोगाला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. रोग गेला, पण नियमात त्याचं नाव राहिलं. आणि पुस्तक छापून तीन वर्षं होतात तोच इंग्लंडमध्ये पुन्हा मोठा प्लेग आला. डर्बीशायरमधल्या ईम नावाच्या गावाने स्वतःहून वेशी बंद करून घेतल्या. तिथले धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी चर्चचं दार लावलं आणि उपासना गावाबाहेरच्या एका घळीत, उघड्यावर नेली. कुटुंबं एकमेकांपासून अंतर ठेवून उभी राहत. आपण २०२० मध्ये रेशनच्या दुकानापुढे खडूने आखलेल्या गोलात उभे होतो ना, साधारण तसंच.

आता या नियमाचा अर्थ मी सुरुवातीला काय लावला, तेही सांगते. मला वाटलं, ही सवलत आहे. माणसं जमत नाहीत, तर आकडा कमी करा. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रकरणात मी तसंच लिहिलं होतं. ते चुकीचं होतं असं मला आता वाटतं. का, ते शेवटी सांगते.

१८९७: आकडा सरकारकडे जातो

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. कायदा चार कलमांचा, पण सरकारला लागेल ते नियम काढायची मुभा देणारा. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली प्लेग समिती बसली, आणि मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत गोरे शिपाई पेठांमधून घरं तपासत फिरले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, आजाऱ्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत घेऊन गेले. पुढचा गणेशखिंड रस्त्यावरचा २२ जूनचा प्रसंग आपण शाळेतच वाचलेला असतो.

माझ्या विषयाच्या दृष्टीने इथे एक मोठा बदल होतो. कुणी कुठे जमायचं, कुणी कुठून हलायचं, हे ठरवण्याचा अधिकार आता एका कायद्याने सरकारकडे आला. त्याच वर्षी मुंबईहून निघणारी हजची यात्राही थांबवली गेली. साथीत किती माणसांनी जमायचं, हा प्रश्न धर्मगुरूच्या पुस्तकातून उठून कलेक्टरच्या टेबलावर जाऊन बसला.

आणि ख्रिस्ती होते म्हणून सरकारी नियमांतून सुटले, असं मुळीच नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झालेला. त्याच वाँटेजच्या सिस्टर्सचं पुण्यात पंचहौदला काम होतं. रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्याला आलं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. नेमक्या त्याच वेळी पुण्यात प्लेगचे नियम. इतक्या मुली शहरात ठेवणं अशक्य झालं.

मग त्यांनी मुलींना केडगावला नेलं. पुण्याहून दौंडच्या रस्त्याला सदनाची शेतजमीन होती. फळबागेच्या उत्पन्नावर सदनाचा खर्च चालावा म्हणून घेतलेली. तिथे राहायला धड घरंही नव्हती. झोपड्या उभ्या राहिल्या आणि तिथेच प्रार्थना सुरू झाली. म्हणजे क्रम उलटा झाला. आधी चर्च बांधलं आणि मग माणसं आली, असं नाही. माणसं आधी आली, आणि चर्चची इमारत मागाहून. आज केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जाल तर ते मोठं चर्च बघताना लक्षात ठेवा की या वस्तीची सुरुवात शहरात जागा न मिळण्यातून झाली.

याच रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची काय परवड होते ते उघड मांडलं. त्यावरून गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टपर्यंत सगळे चिडले. पत्रातल्या तपशिलांवर वाद झाले, पण मला त्यातला एक धागा महत्त्वाचा वाटतो. सरकार डोकी मोजत होतं: किती तपासले, किती हलवले. आणि एका संस्थेची प्रमुख बाई विचारत होती, आमची ती मुलगी कुठे आहे?

मुंबईत याच साथीत आणखी एक गोष्ट घडली. वांद्रे, गिरगाव या भागांतल्या कॅथलिक वस्त्यांमध्ये रस्त्याच्या कडेला, वाडीच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. लोक संध्याकाळी तिथे जमून रोझरी म्हणत. त्यांतले पुष्कळ क्रूस अजून आहेत, काहींवर साल कोरलेलं दिसतं. तुम्ही खोताच्या वाडीतून कधी फिरला असाल तर असा एक क्रूस पाहिलाही असेल. उपासना लहान झाली आणि घराजवळ आली. साथ गेल्यावर ती जागा कुणी मोडली नाही.

२०२०: आकडा रोज बदलतो

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, ९ मार्च २०२० ला. चारच दिवसांत राज्यात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. हो, तोच. २२ मार्चला जनता कर्फ्यू होता. तो रविवार होता हे बहुतेकांच्या लक्षात राहिलं नाही. आजीच्या राहिलं. पहिली फुली तीच.

पुढे झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला, उत्तम शुक्रवार १० ला, ईस्टर १२ ला. वर्षातला सगळ्यात भरगच्च आठवडा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. झावळ्या आणणार कुठून? लोकांनी कुंडीतल्या शोभेच्या पामची पानं हातात घेतली, कुणी कढीपत्त्याचा डहाळा. व्हॅटिकनने २५ मार्चला सूचना काढून पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी त्या वर्षापुरता वगळायला सांगितला. कॅथलिक घरांमध्ये 'आध्यात्मिक सहभागिता' हा शब्द नव्याने ऐकू आला: ख्रिस्तप्रसाद प्रत्यक्ष घेता येत नसेल तर मनाने त्याची इच्छा धरून करायची प्रार्थना. ती प्रार्थना जुनीच आहे. मोबाईलच्या पडद्यासमोर बसून म्हणायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली.

इंग्लंडच्या चर्चने मार्चमध्येच एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेणं थांबवलं आणि फक्त भाकर द्यायला सांगितलं. त्याला आधार काढला १५४७ च्या कायद्याचा, ज्यात दोन्ही द्यावं असं म्हणून 'गरज पडली तर' एवढी फट ठेवलेली आहे. साथीत सगळेजण जुनी पुस्तकं उघडतात, मी एकटी नाही.

आणि आकडे तर बघा. लग्नाला ५०, अंत्यविधीला २०. केंद्राने १५ मार्चला मृतदेहांबाबत काढलेल्या सूचनांमध्ये लिहिलं होतं की धर्मग्रंथाचं वाचन चालेल, पवित्र पाणी शिंपडणं चालेल, पण देहाला हात लावणं, आंघोळ घालणं, मिठी मारणं चालणार नाही. मुंबई महापालिकेने ३० मार्चला तर सगळ्याच कोविड मृतदेहांचं दहन करायचं परिपत्रक काढलं आणि काही तासांत ते बदलावं लागलं. दफनभूमीचा वाद हायकोर्टात गेला. २२ मे ला कोर्टाने वांद्र्याच्या दफनभूमीत दफनाला विरोध करणारी याचिका फेटाळली.

वचन मोबाईलवरून घरी येत होतं. गाणं येत होतं, कधी तबला पुढे आणि आवाज मागे. पण भाकर येत नव्हती, आणि माती तर नाहीच.

१६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. तो सोमवार होता. २२ तारखेच्या रविवारी आमची मंडळी जमली: सहा फुटांचं अंतर, गायनमंडळाला मनाई, हवं तर रेकॉर्ड लावा. तोवर ३५ रविवार झाले होते. मग २०२१ चा ईस्टर आला ४ एप्रिलला. आदल्या संध्याकाळपासून पुण्यात संचारबंदी वाढली आणि प्रार्थनास्थळं पुन्हा बंद. उत्तम शुक्रवारी दार उघडं होतं आणि ईस्टरला लागलेलं. दफन झालं, पुनरुत्थान राहिलं, असं आमच्याकडे कुणीतरी म्हणालं, आणि त्यावर हसावं की नाही ते कुणाला कळेना. ते दार पुढे ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. हे २७ रविवार. पस्तीस आणि सत्तावीस, बासष्ट.

उरलेले एकोणीस

तर आजीचे १९ कुठले?

नोव्हेंबर ते एप्रिल, चर्च उघडं असतानाचे. कारण नियमावलीत आणखी एक ओळ होती: ६५ वर्षांवरच्या व्यक्ती, इतर आजार असलेले, गर्भवती स्त्रिया आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी घरीच थांबावं. वैद्यकीयदृष्ट्या हे बरोबरच होतं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुठल्याही मराठी मंडळीत रविवारी सकाळी पहिल्या बाकावर कोण बसतं ते आठवून बघा. जी माणसं कधी चुकत नाहीत, नेमकी तीच बाहेर राहिली. आणि आम्ही बाकीच्यांनी फोटो टाकले, 'मंडळी पुन्हा एकत्र.'

आमच्याकडे ऑनलाइन प्रभुभोजनही झालं होतं. घरी पाव आणि द्राक्षाचा रस तयार ठेवा, पाळकसाहेब पडद्यावरून आशीर्वाद देतील, मग सगळे एकदम घेऊ. काही मंडळ्यांना हे पटलं, काहींना नाही. त्यावर अजून वाद आहेत आणि मी कुणाला चूक म्हणत नाही. आजीने घेतलं नाही.

"अगं, मोबाईलमधून वचन ऐकता येतं. भाकर कशी गं हातात येणार?"

मी तेव्हा पीएचडीला नुकतीच लागले होते आणि मला सगळं कळत होतं. मी म्हटलं, "आजी, देवाला काय फरक पडतो?"

"त्याला नसेल पडत. मला पडतो."

जानेवारी २०२१ मध्ये एका गुरुवारी पाळकसाहेब घरी आले. मास्क, हाताला सॅनिटायझर, खिडक्या सताड उघड्या. आजीने धुवून ठेवलेला पांढरा टेबलक्लॉथ काढला. आजी, आई, मी आणि ते. सगळं मिळून वीस मिनिटं. झाल्यावर आजीने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की पलीकडच्या गल्लीतल्या बाईंकडे जाऊन आलात का? त्या वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. ते गेले नव्हते. त्यांनी वही काढून नाव लिहून घेतलं.

फुली मात्र आजीने त्या आठवड्यातही मारली. "गुरुवार होता तो," म्हणाली.

यानंतर दीड-दोन वर्षांनी मी ते प्रार्थनापुस्तक पुन्हा उघडलं, आणि तेव्हा माझं पहिलं प्रकरण मला खोडावं लागलं. प्लेगच्या काळातला तो नियम आकडा कमी करण्यासाठी नाहीच. आकडा कमी करायचा असता तर 'साथीत प्रभुभोजन बंद' एवढं म्हणून भागलं असतं, आणि ते सोपं होतं. नियम सुरू होतो आजाऱ्याच्या विनंतीपासून. ज्याच्या घरात कुणी पाऊल टाकायला धजत नाही, तो माणूस मंडळीत धरायचा की नाही? नियम म्हणतो, धरायचा, आणि त्यासाठी बाकी सगळे आकडे सोडून द्यायला लागले तरी चालेल.

म्हणून आता साथीच्या काळातली कागदपत्रं बघताना मी दोन वेगळे आकडे शोधते. एक, किती जमले. तो सरकारी हुकमात मिळतो, यूट्यूबवर खाली दिसतो, मिळायला सोपा असतो. दुसरा, जे जमू शकले नाहीत त्यांतल्या किती जणांकडे कुणी गेलं. तो पाळकांच्या खिशातल्या वहीत असतो, आणि ती वही बहुतेक वेळा रद्दीत जाते. २०२० चा इतिहास लिहिताना पहिल्या आकड्यावर भागवलं तर आपण म्हणू, मंडळ्या ६२ रविवार बंद होत्या आणि मग उघडल्या. एका कालनिर्णयात ८१ लिहिलं आहे, हे त्यात येणार नाही.

१० ऑक्टोबर २०२१ ला आजी काठी घेऊन गेली. दोन लसी झाल्या होत्या, आणि नियम काय म्हणतो ते तिने विचारलं नाही. पहिल्या बाकावर तिची जागा रिकामी होती. आमच्या चर्चमधला कॅमेरा अजून चालू असतो, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांना त्याचा खरंच उपयोग होतो. तो कुणी काढू नये असं मलाही वाटतं. फक्त त्या कॅमेऱ्याच्या पलीकडे कोण बसलंय, याची यादी कुणाकडे आहे का, हे मी हल्ली प्रत्येक मंडळीत विचारते.

तुमच्या घरात अशा काही वस्तू असतील, म्हणजे खुणा केलेलं कॅलेंडर, मंडळीच्या सभांची जुनी वही, लॉकडाऊनमधल्या उपासनेची छापील पत्रिका, तर कृपा करून या दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. पंथ कुठलाही असो, धर्म कुठलाही असो. आधी मोजून बघा, त्यात किती रविवार आहेत. किंवा किती शुक्रवार, किती एकादशा.